दोन खोल्यांचा हवापालट

रविवार, २ जानेवारी १९५५. सकाळी ८
नवी वही. नवे वर्ष कालच लागले, पण काल ऑफिस होते. संकल्पाला रविवार बरा.

संकल्प एकच. घरातील हवा सुधारणे.

काल संध्याकाळी फॅक्टरीच्या क्लबात एका डॉक्टरांचे व्याख्यान झाले. माणूस दिवसाला वीस-बावीस हजार श्वास घेतो. घर धुरकट असेल तर तेवढ्या वेळा धूर घेतो. श्रोते सत्तावीस. प्रश्न फक्त मी विचारला. डॉक्टरांना तो नीट ऐकू आला नसावा, कारण त्यांनी डासांवर उत्तर दिले.

आमचे घर म्हणजे अंबरनाथ पूर्वेला सहा बिऱ्हाडांची कौलारू चाळ, तिच्यातल्या टोकाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी आणि माझे टेबल. मागच्या खोलीत चूल. माणसे तीन: मी, आई (तिला सगळे माई म्हणतात), आणि पत्नी मालिनी. मालिनीला दिवाळीपासून खोकला आहे. माईचे डोळे लाल असतात. दोघींना सवय झालेली आहे. पण मी फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात हजेरीचा क्लार्क आहे. कुठे काय वाया जाते ते मला चटकन दिसते.

माईला स्कीम सांगितली. ती म्हणाली, लाकूड ओलं येतंय, ते आधी बदल. हा वरवरचा उपाय झाला. मुळाशी जायला हवे.

विचार करताना तीन सिगारेटी झाल्या. तंबाखूच्या धुराने जंतू मरतात असे कुठेतरी वाचले आहे.

सोमवार, ३ जानेवारी
शास्त्रात आधी मोजमाप. चार पांढरे रुमाल खुंट्यांना लावले. दोन पुढच्या खोलीत, दोन मागच्या. आठ दिवसांनी कोणता किती काळा झाला ते पाहायचे.

मालिनीने विचारले, हे कशासाठी. सांगितले. ती म्हणाली, त्यापेक्षा भिंत बघा की. भिंत पाच वर्षे काळी होते आहे. तिच्यावरून आठवड्याचे प्रमाण कसे काढणार? बायकांना हे समजावणे कठीण.

सोमवार, १० जानेवारी
रुमाल धुतले गेले. मालिनीने कालच्या धुण्यात घेतले. दोरीवर चारही लखलखीत पांढरे.

प्रयोगाच्या कागदावर मागच्या खोलीपुढे 'काजळी: शून्य' असे लिहावे लागले. दिसेल ते लिहायचे, असा नियम मीच केला आहे.

मालिनीचा खोकला थोडा जास्त. थंडी आहे.

रविवार, १६ जानेवारी. दुपारी १
पंपाचा पितळी स्टोव्ह आणला. लाकूड नाही म्हणजे धूर नाही. इतकी साधी गोष्ट या चाळीत कोणाला सुचली नव्हती.

माहितीपत्रक वाचून मी स्वतः पेटवला. पत्रकात 'पुरेसा पंप मारावा' असे आहे. पुरेसा म्हणजे किती, ते नाही. ज्वाला आढ्यापर्यंत गेली. माईने ओले पोते टाकले. आता आढ्याला ताटाएवढे काळे वर्तुळ आहे आणि घराला रॉकेलचा वास.

माई म्हणाली, चूल धूर काढायची, पण अंगावर यायची नाही.

स्टोव्ह तूर्त फळीवर. दोष पत्रकाचा.

गुरुवार, २० जानेवारी
मूळ सापडले. आजवर आपण घरातल्या धुराकडे पाहत होतो. खरा शत्रू बाहेर आहे. मागच्या खिडकीतून रस्त्याची धूळ येते, फॅक्टऱ्यांचा वास येतो, पलीकडच्या गोठ्याचे सगळे येते. बाहेरची हवा आत येते म्हणून आतली बिघडते.

खिडकीच्या फटींना तपकिरी कागद लावला. कणकेची खळ मालिनीने करून दिली. खळ ढवळताना ती म्हणाली, मग चुलीचा धूर कुठून जाणार. मी म्हटले, एका वेळी एक प्रश्न.

रविवार, २३ जानेवारी
खळ उंदरांनी खाल्ली. कागद खाली.

एका अर्थी बरे. तीन दिवस मालिनी मागचे दार उघडे टाकून भाकऱ्या करत होती. काल त्या दाराने कुत्रे आत आले.

रविवार, ३० जानेवारी. संध्याकाळी ६
आज उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये टेकचंदकडे गेलो. सिंधी पत्रेवाला. सिंधमध्ये त्याचे मोठे दुकान होते म्हणतात. आता बराकीच्या पुढ्यात खोके टाकून बसतो. हात सोन्याचा. बोलतो फार.

धुराडे करायचे ठरले. चुलीवर पत्र्याची छत्री, तिच्यातून नळी. मी चित्र काढून नेले होते. नळीला तीन वळणे. धुरातली उष्णता घरातच राहावी म्हणून. टेकचंदने चित्र पाहिले आणि म्हणाला, साईं, धुआँ सीधा आदमी है. सीधा रस्ता दो, चला जाएगा. घुमाओगे तो वापस तुम्हारे घर आएगा.

मी त्याला थिअरी समजावली. त्याने ऐकून घेतले, चहा पाजला, आणि वळणे तीनच का, पाच करून देतो, म्हणाला. यात थट्टा असावी असे ट्रेनमध्ये लक्षात आले.

कारागीर हुशार असतात. पण थिअरी नसते.

रविवार, ६ फेब्रुवारी
धुराडे बसवले. कौले काढून नळी वर न्यायची होती, पण कौले काढणे जिकिरीचे. तूर्त नळी आढ्याखालीच सोडली आहे, आमच्या आणि शेजारच्या आण्णांच्या खोलीमधल्या भिंतीवर. ती भिंत पुरुषभर उंचीचीच आहे. वर मोकळे.

मागच्या खोलीतला धूर निम्म्याने कमी. कागदावर नोंद केली. पहिले यश.

सोमवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ७
शेजारचे आण्णा आले. रेल्वेत आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाले, बाळाजीपंत, तुमच्याकडे काल सकाळी मेथी होती, संध्याकाळी वांगं. आज डाळीला फोडणी जरा करपली. तुम्ही कळवायला पाहिजे असं नाही, पण आम्हाला सगळं कळतं.

त्यांच्या पत्नी कौसाबाईही मागे उभ्या होत्या. पदर नाकाला.

मी म्हटले, नवीन यंत्रणेला स्थिरावायला वेळ लागतो. आण्णा म्हणाले, आम्ही पण आता कुठे स्थिरावत होतो.

नळी रविवारी कौलांतून वर नेतो, असा शब्द दिला.

रविवार, १३ फेब्रुवारी. दुपारी ४
आज नीट क्रमाने लिहितो.

नऊ वाजता आण्णांच्या शिडीने कौलांवर गेलो. तीन कौले काढली, नळी बाहेर घेतली, तारेने बांधली. काम उत्तम. खाली मालिनीने भाकऱ्यांसाठी चूल पेटवली. मी वरून नळीकडे पाहत होतो. धूर येत नव्हता. धूरच होत नाही, इतके छान जळते आहे, असे वाटून मला समाधान झाले.

मग माईचा आवाज आला. तिसरे वळण काजळीने बसले होते, आणि सगळा धूर खोलीत उलटला होता. मालिनी दारापर्यंत आली आणि अंगणात बसली. खोकत होती. मग खोकणेही थांबले, नुसता आवाज येत होता, पोकळ. कौसाबाई तिची पाठ चोळत होत्या. तिचा चेहरा मला कौलांवरून दिसला. त्याचा रंग मला लिहिता येत नाही.

आण्णा डॉक्टरांकडे धावले. धावताना शिडीला धक्का लागला, ती पडली. मला उतरता येईना. मी वरूनच, हवा सोडा, हवा सोडा, असे सांगत होतो. कोणी ऐकले नाही. मग उडी मारली. घोटा सुजला आहे.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. तासाभराने श्वास नीट चालू लागला. त्यांनी मला विचारले, घरात धूर किती असतो. मी कागद आणायला उठलो, तर म्हणाले, बसा. सिगारेट ओढता का. म्हटले, विचारापुरती. ते म्हणाले, विचार कमी करा.

पुढे म्हणाले, हिला महिनाभर हवापालटाला पाठवा. पुन्हा असं झालं तर दर वेळी मी घरी असेनच असं नाही.

आज अक्षर नेहमीसारखे येत नाही. वर वारा फार होता.

मंगळवार, १५ फेब्रुवारी
मालिनीचा भाऊ नाथा येऊन तिला घेऊन गेला. माहेर बदलापूरजवळ, सोनिवलीला. स्टेशनवर मालिनी म्हणाली, लोणच्याची बरणी फडताळात आहे, माईंचं औषध दोन वेळा. इतकेच. नाथा माझ्याशी बोलला नाही. गडी मुळात अबोल.

सिगारेटी निम्म्या करायच्या. पूर्ण सोडल्या तर शरीराला धक्का बसतो.

रविवार, २७ फेब्रुवारी
घरातली हवा उत्कृष्ट.

गेले बारा दिवस मागच्या खोलीत धुराचा लवलेश नाही. आढ्याखाली बसून दीर्घ श्वास घेतले. कुठेही घसा खवखवला नाही. स्कीम यशस्वी झाली असे म्हणायला हरकत नाही. रिपोर्ट लिहायला घेतला: 'मध्यमवर्गीय निवासातील वायुशुद्धी: एक अनुभव'. अकरा पाने झाली. क्लबाला देणार.

माई हल्ली मागच्या अंगणात तीन दगड मांडून तिथेच भात शिजवते. त्याचा स्कीमशी संबंध नाही.

घर जरा मोठे वाटते. सिगारेटी निम्म्या होत्या, त्या या आठवड्यात पूर्ववत. रिपोर्टमुळे.

रविवार, ६ मार्च. संध्याकाळी ७
सोनिवलीला जाऊन आलो. सोबत रिपोर्ट.

मालिनी बरी दिसते. गालावर मांस आले आहे. सासऱ्यांनी विचारपूस केली, घोट्याची. मी शिडीवरून पडलो असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. दुरुस्त केले नाही.

त्यांचे घर साधे. पण चूल घरात नाही. मागे पडवी काढली आहे, कारवीच्या काटक्यांचा कूड छातीपर्यंत, वर गवत, मधले सगळे मोकळे. सासूबाई तिथे भाकऱ्या करत होत्या. धूर कुठे गेला ते मला कळले नाही. गेला.

जेवल्यावर मालिनी आतल्या खोलीत जरा पडली. मी ओट्यावर बसून होतो. ती खोकते का ते ऐकत होतो. घड्याळ लावून एक तास दहा मिनिटे. एकदाही नाही. मध्ये एकदा नुसती कूस बदलली.

फार शांत वाटले. डोळ्यांत पाणी आले. प्रवासाची धूळ असावी.

ती उठल्यावर रिपोर्ट वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, आपल्या खोलीच्या मागे सात-आठ हात जागा आहे. चूल बाहेर काढू या, असं मी दिवाळीत म्हटलं होतं. आठवतं? मी ही वही चाळून पाहिली. वही जानेवारीत सुरू झाली असल्याने तशी नोंद नाही. तसे सांगितले.

ती हसली. मग म्हणाली, मी येईन हो परत. पण त्या खोलीतल्या चुलीपाशी नाही बसणार. मी म्हटले, खोकल्याची इतकी भीती धरू नये. ती म्हणाली, खोकल्याची नाही. तुम्ही पुन्हा वर चढाल, त्याची.

परतताना पुढची आठ पाने वाचायची राहिली.

रविवार, १३ मार्च
नवी कल्पना सुचली. चूल घराबाहेर नेणे. रिपोर्टात बारावे पान म्हणून घातली. 'बहिर्गत पाकगृह' हा शब्दही माझाच.

पण असे काम घाईने होत नाही. वाऱ्याच्या दिशा महिनाभर नोंदवायला हव्यात. नकाशा हवा. चाळीच्या मालकांची लेखी परवानगी हवी. अर्जाचा पहिला मसुदा केला. 'सेवेशी' लिहावे की 'महाशय', यावर थोडा वेळ गेला.

शुक्रवार, १८ मार्च. सकाळी ६.३०
नकाशा पूर्ण. अर्ज चौथ्या मसुद्यात. माईने विचारले, अजून किती दिवस. म्हटले, पावसाळ्याच्या आत नक्की. ती काही बोलली नाही. माईचे हे न बोलणे मला सहकार्य वाटते.

शनिवार, १९ मार्च. दुपारी ३
हाफ डे. घरी आलो तर मागे चार लाकडी मेढी रोवून उभ्या.

बारवीकडच्या एका वाडीवरून गोमा आणि त्याची बायको भिकी दर आठवड्याला चाळीत मोळ्या घेऊन येतात. माईने त्यांना गाठले. मालकांनाही भाजीबाजारात गाठले. मालक म्हणाले, मागे काय हवं ते करा, भिंतीला खिळा मारू नका. माझ्या अर्जाचे काय, असे मी माईला विचारले. ती म्हणाली, ठेव, पुढे कामाला येईल.

मी नकाशा आणून गोमाला दाखवला. त्याने हात पुसले, दोन्ही हातांनी धरून नीट पाहिला, लई ब्येस काढलंय म्हणाला, आणि परत दिला.

भिकीने उघडी बाजू दक्षिणेला सोडली होती. नकाशात ती उत्तरेला आहे. तसे निदर्शनास आणले. ती उत्तरेकडे हात करून म्हणाली, वारा हिकडून येतो, दादा. मी बोट ओले करून धरले. वारा तिकडूनच येत होता. आजच्या पुरता.

रविवार, २० मार्च
पूर्ण झाले. दोन दिवसांत. कारवीचा कूड, शेणमातीने लिंपलेला. वर गवत. भिकीने चूल घातली, माईने हळदकुंकू वाहिले. सबंध कामात पत्रा कुठेही नाही, वळण कुठेही नाही.

बांधकामावर माझी देखरेख होती. टेबल खिडकीपाशी ओढून घेतले होते.

रविवार, २७ मार्च. सकाळी ११
मालिनी आली. नाथा सोडायला आला, आणि या वेळी जेवून गेला. जाताना मला म्हणाला, भावजी, येतो. हे त्याचे माझ्याशी दीड महिन्यातले पहिले वाक्य.

मालिनीने पडवी पाहिली. कुडावरून हात फिरवला. माईला म्हणाली, छान झालं. माई म्हणाली, अगं, तुझंच तर आहे. मी जवळच उभा होतो.

भाकऱ्या झाल्या. खोकला नाही. मी मनात चारशेपर्यंत मोजले. नाही.

स्कीम जवळजवळ माझ्या मूळ कल्पनेबरहुकूम पार पडली.

रविवार, ३ एप्रिल
चाळीत आता सगळ्यांना पडवी हवी आहे. पाच बिऱ्हाडे. आज सकाळी मागच्या अंगणात सभा भरली. आण्णा म्हणाले, हे काम कोणीतरी अंगावर घ्यायला हवं, ज्याला अनुभव आहे असं. सगळ्यांनी आमच्या दाराकडे पाहिले.

मी दोन शब्द बोलण्यासाठी घसा साफ केला. रिपोर्ट सोबत होता.

कौसाबाई म्हणाल्या, मालिनीबाई सांगतील तसं करू. मालिनी म्हणाली, मला कळतं थोडंच, खरं भिकीलाच विचारा, पण मी उभी राहीन. टाळ्या नाहीत, पण सगळे हो म्हणाले.

मी रिपोर्टचा उल्लेख केला. आण्णा म्हणाले, बाळाजीपंत, तुमचं अक्षर चांगलं आहे. कोणाची पडवी कधी, किती हात, ती यादी तुम्ही करा.

म्हणजे प्लॅनिंग माझ्याकडे आले. अपेक्षेप्रमाणे.

शनिवार, ९ एप्रिल
यादी तयार. तांबड्या आणि निळ्या शाईत, तीन प्रतींत. अनुक्रम, बिऱ्हाडप्रमुख, लांबी, रुंदी, वाऱ्याची दिशा, शेरा. असे काम टाइम ऑफिसातही क्वचित होते. एक प्रत मालिनीला, एक आण्णांना, एक गोमाला द्यायची.

रविवार, १० एप्रिल. संध्याकाळी ५.३०
गोमाला वाचता येत नाही.

भिकीने प्रत्येकाच्या मागच्या दारावर कोळशाने रेघा ओढल्या आहेत. जितके हात तितक्या रेघा. आधी कोणाचे, तेही तिने मालिनीला विचारून खुणांनीच ठरवले. काम त्यावरून चालले आहे. आण्णांची पडवी आज उभी राहिली, दुसरी निम्मी झाली. यादी कोणी मागितली नाही. मालिनीने तिची प्रत जपून ठेवली आहे, असे म्हणाली.

दुपारी मी मागे जाऊन उभा राहिलो. सगळ्यांचे हात मातीत. मालिनी पदर खोचून कूड दाबत होती आणि भिकीशी हसत काहीतरी बोलत होती. दोन तासांत एकदाही खोकली नाही. मी म्हटले, मी काय करू. भिकीने घागर दाखवली. विहिरीवरून पाणी आणले. पहिल्या घागरीतले पाऊण राहिले, दुसरीतले निम्मे. कालवलेल्या मातीत ओतायचे होते, ते गवतावर गेले.

तिसऱ्या खेपेला निघालो तर भिकीने माझ्या हातातून घागर घेतली. म्हणाली, ऱ्हाऊ द्या, दादा. तुमी बसा.

मग बसलो.